इंजिनाची पेटी बदलण्याआधी



गेल्या गाळप हंगामातली गोष्ट. अल्लीपूरचे एक सभासद सकाळीच कचेरीत आले आणि उसाच्या बिलावर उचल मिळेल का, असे विचारू लागले. खत नाही, बेणे नाही, घरात लग्नकार्य नाही. मग उचल कशाला? तेव्हा म्हणाले, "गाडी बंद पडून राह्यली जी. मिस्त्री म्हणते, ईसीएम गेला. अठ्ठेचाळीस हजार लागते म्हणते."

"कशावरून गेला म्हणते?"

"आता ते मले काय माहीत? मशीन लावली तं काहीच दाखवत नाही म्हणे. गाडी कधी चालू होते, कधी होतच नाही. अन् बाबाले मंगळवारी सेवाग्रामले न्यायचं आहे."

अठ्ठेचाळीस हजार म्हणजे तोडणी-वाहतूक वजा जाता किती टन उसाचे पैसे, हा हिशोब ज्याने त्याने आपल्या भावाने करून पाहावा. आम्ही वाहन विभागातली मंडळी त्यांना म्हणालो, "उचल मागून घ्या. आधी गाडी पाहू." त्या गाडीचे पुढे काय झाले ते खाली येईलच. पण त्या दिवसापासून आमच्या मनात होते की या विषयावर सभासदांसाठी एकदा सविस्तर लिहावे. कारण हल्ली गाडी बंद पडली की 'ईसीएम गेला' हे शब्द फार लवकर तोंडातून निघतात, आणि त्याचा भुर्दंड गाडीमालकाला पडतो.

ही पेटी आली कोठून?

आपल्यापैकी पन्नाशी ओलांडलेल्यांनी कारब्युरेटरची गाडी चालवली आहे. पाना, पक्कड आणि स्क्रू-ड्रायव्हर एवढ्यावर ती दुरुस्त होत असे. डिझेल गाडीत पंप आणि नोझल, दोन्ही लोखंडी. विजेचे काम फक्त सेल्फ आणि दिव्यांपुरते.

परदेशात इंधन आणि ठिणगी दोन्ही एकाच इलेक्ट्रॉनिक पेटीने सांभाळण्याची बॉश कंपनीची मोट्रॉनिक पद्धत १९७९ साली बीएमडब्ल्यूच्या गाडीत आली. आपल्याकडे तिला खरी गती मिळाली ती धुराच्या नियमांमुळे. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील नव्या मोटारींना युरो नियम लावले आणि कारब्युरेटरचे दिवस भरत आले. १ एप्रिल २०१७ पासून भारत स्टेज चार आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हे नियम देशभर लागू झाले. इतका काटेकोर धूर नुसत्या लोखंडी पंपाने साधत नाही. म्हणून आजच्या मोटारीत, पिकअपमध्ये, टेम्पोत ही पेटी असतेच. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांनाही ट्रेम चार हा नियम लागू झाला, आणि त्यामुळे ही पेटी मोठ्या ट्रॅक्टरांतही आली आहे. म्हणजे हा विषय फक्त मोटारवाल्यांचा राहिला नाही.

पेटीचे काम

ईसीएम म्हणजे इंजिनाचे नियंत्रण करणारी पेटी. कोणी तिला ईसीयू म्हणते, कोणी नुसते 'कॉम्प्युटर' म्हणते. आपल्या कारखान्याच्या काट्यावर बसणारा कारकून डोळ्यांसमोर आणा. गाडी आली, वजन झाले, चिठ्ठी आली; त्यावरून तो पुढची नोंद करतो. तसेच या पेटीचे आहे. क्रँक किती वेगाने फिरतो, हवा किती आली, पाणी किती तापले, पायाखालचा पॅडल किती दाबला, डिझेलचा दाब किती, या सगळ्या चिठ्ठ्या सेन्सर तिला पाठवतात. त्यावरून कोणत्या नोझलमधून किती इंधन, केव्हा सोडायचे ते ती ठरवते आणि हुकूम सोडते.

आता काट्यावरची वीज गेली, तर कारकून काय करील? चिठ्ठीच चुकीची आली, तर नोंद बरोबर कशी होईल? आणि त्याने पास दिला पण फाटकावरचा माणूसच जागेवर नसेल, तर गाडी पुढे कशी जाईल? या तिन्ही वेळी कारकुनाला नोकरीवरून काढून काही साधत नाही. तरी पेटीच्या बाबतीत आपण नेमके हेच करतो. 'दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला' म्हणतात, त्यातला हा प्रकार.

तेव्हा या धड्याचे सार आधीच सांगून टाकतो. पेटीवर संशय सर्वांत शेवटी घ्यावा. आधी तिला वीज मिळते का, तिची अर्थ पक्की आहे का, तिच्याकडे येणाऱ्या चिठ्ठ्या खऱ्या आहेत का, आणि तिचा हुकूम मानणारे भाग ठीक आहेत का, हे पाहावे. उसाचे पान पिवळे पडले की आपण लगेच ऊस उपटत नाही. पाणी साचले का, हुमणी लागली का, लोह कमी पडले का, ते पाहतो. तसेच हे.

तपासणीची रीत

यासाठी एक मल्टिमीटर, इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब दोन वायरी जोडून, आणि एक स्कॅनर लागतो. पहिले तीन मुद्दे थोडा सराव असलेला कोणीही सभासद घरी पाहू शकतो. पुढचे मुद्दे जाणत्या वायरमनकडून करून घ्यावेत. पण ते करताना आपण शेजारी उभे राहावे.

१. बॅटरी. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे ती निम्मी उतरली. सेल्फ मारताना मीटर पाहावा. व्होल्टेज साडेनऊच्या खाली जात असेल तर बॅटरी, तिची टोके किंवा सेल्फ यांत दोष आहे. कमी व्होल्टेजमध्ये पेटी गोंधळते आणि नसलेले दोष लिहून ठेवते. इंजिन चालू असताना साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसावेत. फार कमी किंवा पंधराच्या वर जात असतील तर आधी अल्टरनेटर पाहावा. आजच्या काही गाड्यांत चार्जिंग पेटीच कमी-जास्त करते, तिथे त्या गाडीच्या पुस्तकातला आकडा खरा धरावा.

२. चेक-इंजिनचा दिवा. चावी ऑन केली की इंजिनाचे चित्र असलेला पिवळा दिवा लागला पाहिजे, आणि इंजिन सुरू झाल्यावर तो विझला पाहिजे. चावी ऑन करूनही दिवा लागलाच नाही, तर बहुधा पेटीला वीजच पोहोचत नाही. मग पेटीचा फ्यूज आणि मुख्य रिले पाहावा. याच वेळी चावीच्या किंवा कुलपाच्या चित्राचा दिवा लुकलुकत राहिला तर गाडीने चावी ओळखलेली नाही. तो चोरीविरोधी यंत्रणेचा प्रश्न आहे. दुसरी चावी लावून पाहावी.

येथे एक खुबी सांगतो. गंजलेल्या फ्यूजच्या पायातूनही मीटरवर बारा व्होल्ट दिसतात, कारण मीटर वीज जवळजवळ ओढतच नाही. म्हणून त्या जागी २१ वॅटचा बल्ब लावून पाहावा. बल्ब लख्ख लागला तर वीज खरी. मिणमिणला तर वाटेत कोठेतरी गंज आहे.

३. अर्थ. सर्वांत जास्त फसवणारा मुद्दा हाच. मीटरची काळी दांडी बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर ठेवा, लाल दांडी इंजिनाच्या कोऱ्या लोखंडावर ठेवा, आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. मीटरवर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसता कामा नये. पेटीच्या अर्थ वायरवर, चावी ऑन असताना, ०.१ व्होल्टच्या आत दिसावे. जास्त दिसले म्हणजे अर्थची पट्टी किंवा तिचा बोल्ट गंजला आहे. वायर नुसती जागेवर दिसते म्हणून ती ठीक आहे असे समजू नये.

४. स्कॅनर. भारत स्टेज चारच्या मोटारींना २०१३ पासून आणि पुढे सर्वांनाच ठरावीक आकाराचे सोळा खणांचे जोडण असते, बहुधा स्टिअरिंगच्या खाली. स्कॅनर पेटीशी बोललाच नाही, तर पेटी मेली असे एकदम म्हणू नये. जोडणाच्या सोळाव्या खणात बॅटरीची वीज येते का, चौथ्या-पाचव्या खणात अर्थ आहे का, ते पाहावे. नंतर बॅटरीची निगेटिव्ह काढून सहाव्या आणि चौदाव्या खणांमध्ये ओहम मोजावेत. ज्या गाडीत या खणांवर कॅन तारांची जोडी आहे, तिथे ६० ओहमच्या आसपास दिसावे. १२० दिसले तर एका टोकाचा संबंध तुटला आहे. शून्याच्या जवळ आले तर तारा एकमेकींना चिकटल्या आहेत.

स्कॅनर बोलला, तर दिसतील ते सर्व क्रमांक कागदावर लिहून घ्यावेत, आणि लिहिल्याशिवाय पुसू देऊ नयेत. पुष्कळ ठिकाणी आधी पुसतात आणि मग विचार करतात. पुरावाच गेला, तर चोर कसा सापडेल?

५. पाच व्होल्टची वाट. पेटी स्वतःकडून पुष्कळशा सेन्सरांना पाच व्होल्ट पुरवते. एका सेन्सरने आत शॉर्ट केला की ही सगळी वाट कोसळते. एकाच वेळी चार-पाच दोष दिसतात आणि गाडी बंद पडते. दिसायला अगदी पेटी मेल्यासारखे. अशा वेळी एकेक सेन्सरचा प्लग काढत जावे आणि मीटर पाहत राहावे. ज्याचा प्लग काढल्यावर पाच व्होल्ट परत आले, तोच दोषी.

६. क्रँक सेन्सर. सेल्फ मारताना स्कॅनरवर फेऱ्यांचा आकडा दिसला पाहिजे. इंजिन फिरते आहे पण आकडा शून्यच राहतो, तर पेटी इंधन सोडणारच नाही. तिच्या लेखी इंजिन थांबलेलेच आहे! आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. गाडी तापली की बंद, थंड झाली की चालू, ही तक्रार आली तर पेटीआधी हा सेन्सर आणि त्याची वायर पाहावी.

७. वायरिंग आणि प्लग. उंदीर हा शेतकऱ्याच्या गाडीचा जुना वैरी. कोठ्याजवळ किंवा गंजीजवळ आठ-पंधरा दिवस उभी राहिलेली गाडी असेल तर बोनेटखालची वायरिंग बोटांनी चाचपून पाहावी. पेटीचा प्लग काढून आतील पिनांवर हिरवा थर, पाणी किंवा तेल आहे का ते पाहावे. गाडी चालू असताना वायरिंग हलवून पाहावी. हलवल्यावर इंजिन अडखळले तर दोष तिथेच.

८. हुकूम मानणारे भाग. नोझल, कॉइल, रिले यांचे ओहम पुस्तकाप्रमाणे आहेत का, हे पाहावे. हे का महत्त्वाचे, ते आमच्या चुकीवरून पुढे सांगतो.

सावधगिरी : कॉमन-रेल डिझेल इंजिनात नळ्यांमध्ये हजार बारच्याही वर दाब असतो. इंजिन चालू असताना, किंवा नुकते बंद केल्यावर, त्या नळ्यांचे नट कधीही सैल करू नयेत. पूर्वी नोझलचा नट ढिला करून हवा काढत, ती सवय इथे जिवावर बेतते. नोझलच्या तारांतही बारा व्होल्टपेक्षा खूप जास्त दाबाची वीज असते. चालू इंजिनात त्यांना हात लावू नये.

अल्लीपूरच्या गाडीचे काय झाले?

ती २०१८ सालची डिझेल मोटार. बॅटरी ठीक होती. सेल्फ मारताना मीटरचे काटे नाचत होते आणि चेक-इंजिनचा दिवा मधेच विझत होता. तिसऱ्या मुद्द्याप्रमाणे मोजले, तर सेल्फ मारताना अर्थवर जवळजवळ तीन व्होल्ट. बॅटरीचा ट्रे काढला. त्याखाली, बॅटरीचे पाणी सांडून सांडून, अर्थची पट्टी बोल्टजवळ पांढरी-हिरवी झाली होती. चार-दोन तारा तेवढ्या शिल्लक होत्या. सेल्फने वीज ओढली की पेटीची अर्थ डळमळायची आणि ती गप्प व्हायची. म्हणून स्कॅनरशीही ती बोलत नव्हती.

नवी पट्टी घातली, लोखंड घासून कोरे केले, बोल्ट आवळून वर ग्रीस लावले. तीनशे रुपयांच्या आत काम झाले. पेटी जुनीच, आणि आजही तीच चालू आहे. मंगळवारी त्यांचे वडील त्याच गाडीने सेवाग्रामला जाऊन आले. उचलीचा अर्ज त्यांनी टेबलावरून परत घेतला आणि खिशात घातला.

त्या मिस्त्रीला आम्ही दोष देत नाही. कारण तीच चूक त्याआधी आम्ही स्वतः केली होती.

आमची चूक

कारखान्याची एक पेट्रोल गाडी एका सिलिंडरवर मिस होऊ लागली. स्कॅनरवर पहिल्या कॉइलच्या वाटेचा दोष, पी ०३५१, आला. वायर तपासली, ठीक होती. पेटीतून त्या कॉइलला हुकूमच येत नव्हता. म्हणजे पेटीतला तो भाग जळला होता. निदान अगदी बरोबर. आम्ही नवी पेटी मागवली, बसवली, गाडी सुरळीत चालली आणि आम्ही खुशीत आलो.

अकराव्या दिवशी गाडी पुन्हा तशीच. नवी पेटीही त्याच जागी जळली होती.

मग कोठे आम्ही कॉइलचे ओहम मोजले. ते पुस्तकातल्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी होते. कॉइल आतून शॉर्ट झाली होती. ती जास्त वीज ओढत होती आणि पेटीतला तिचा ट्रान्झिस्टर जाळत होती. जुनी पेटी तिनेच मारली, नवीही तिनेच मारली. आम्ही मेलेला माणूस ओळखला, पण मारणारा घरातच ठेवला. कॉइल आधी मोजली असती तर पाच मिनिटांचे काम होते.

दुसऱ्या पेटीचा खर्च वाहन खात्यात पडला. तो पैसा सभासदांचा. तेव्हा ही गोष्ट सभासदांपासून लपवून ठेवणे बरे नाही, म्हणून येथे लिहिली. त्यानंतर आमच्या विभागात नियम केला : पेटी का मेली, हे कागदावर लिहिल्याशिवाय नवी पेटी मागवायची नाही.

खरोखर गेली असे केव्हा म्हणावे?

पेटी कधीच जात नाही, असेही नाही. पुढील गोष्टी दिसल्या तर संशय खरा धरावा :

— वीज आणि अर्थ, दोन्ही बल्ब लावून पक्क्या ठरल्या, तरी पेटी स्कॅनरशी बोलत नाही.
— सगळे सेन्सर काढले तरी पाच व्होल्टची वाट जिवंत होत नाही, आणि वायर कोठे शॉर्ट नाही.
— सेन्सरची खूण पेटीच्या पिनपर्यंत येते, पण स्कॅनरवर दिसत नाही.
— नोझल चांगला, वायर चांगली, तरी पेटीच्या पिनवर हुकूम निघत नाही.
— व्होल्टेज ठीक असताना पी ०६०१ किंवा पी ०६०६ हे क्रमांक पुसल्यावर पुन्हा पुन्हा येतात. पहिला पेटीच्या स्मरणातला दोष सांगतो, दुसरा तिच्या मुख्य चिपमधला.
— पेटी उघडल्यावर आत पाणी, गंज किंवा जळका वास आहे.

दुसऱ्या गाडीची पेटी काढून 'लावून पाहू' हा प्रयोग करू नये. चोरीविरोधी यंत्रणेमुळे गाडी बहुधा सुरूच होणार नाही, आणि शॉर्ट असेल तर शेजाऱ्याची चांगली पेटीही जळेल.

पेटी कशाने मरते?

यातली निम्मी कारणे आपल्या अंगणातलीच आहेत. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडलेली असताना हुकावर किंवा ट्रॉलीवर वेल्डिंग करणे. मोटारीच्या चासीवर वेल्डिंग करताना बॅटरी तशीच ठेवणे. बॅटरी उतरली म्हणून चोवीस व्होल्टच्या ट्रकवरून गाडी सुरू करणे. घाईत केबल उलट्या लावणे. इंजिन चालू ठेवून बॅटरीची टोके काढणे. आणि फवारणीच्या एचटीपी पंपाने बोनेटखाली धुणे. वेल्डिंगआधी बॅटरीची टोके काढावीत, पेटीचा प्लग सोडवावा, आणि वेल्डिंगची अर्थ कामाच्या अगदी जवळ लावावी. एवढे केले तरी पुष्कळ पेट्या वाचतील.

याशिवाय खड्ड्यांच्या हादऱ्याने आतले टाके सुटतात आणि वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आतले कपॅसिटर सुकतात. अशी पेटी कधी कधी दुरुस्तही होते. तेव्हा नवी घेण्यापूर्वी जाणकार इलेक्ट्रॉनिक दुरुस्तीवाल्याकडे एकदा दाखवावी.

बदलायची ठरली तर

१. जुन्या पेटीवरील सगळे क्रमांक लिहून घ्यावेत, फोटो काढावा. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन पेट्या आतून निराळ्या असतात. भारत स्टेज चारची पेटी सहाच्या गाडीला चालत नाही.

२. जुनी पेटी थोडीफार बोलत असेल तर तिच्यातली माहिती आधी उतरवून घ्यावी. पूर्ण मेल्यावर ते कठीण जाते.

३. चावी काढावी, पाच-दहा मिनिटे थांबावे, मग बॅटरीची निगेटिव्ह आधी काढावी. पेटीला हात लावण्यापूर्वी गाडीच्या कोऱ्या लोखंडाला हात लावावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. पिनांना बोट लावू नये. प्लगला खटका असतो. ओढाताण करू नये.

४. नवी पेटी कोरी असते. तिच्यात त्या गाडीचा प्रोग्राम, चासी नंबर आणि चाव्यांची ओळख भरावी लागते. पुष्कळ कॉमन-रेल इंजिनांत प्रत्येक नोझलवर एक सांकेतिक क्रमांक कोरलेला असतो. तोही भरावा लागतो, नाहीतर इंजिन ठोकते आणि धूर मारते. म्हणून 'पेटी आणली, लावली, निघालो' असे होत नाही. प्रोग्रामिंगचा खर्च किमतीत धरला आहे का, हे आधी विचारावे.

५. प्रोग्राम भरताना बॅटरीला स्थिर वीज देणारा चार्जर लावलेला असावा. मधेच वीज पडली तर नवी पेटी तिथेच निकामी होऊ शकते. आमच्याकडे भारनियमन किंवा वादळ-पावसाच्या दिवशी हे काम काढू नये.

६. जुनी वापरलेली पेटी स्वस्त मिळते. पण ती दुसऱ्या गाडीच्या चाव्यांना बांधलेली असते. ती मोकळी करून, आपली माहिती भरून देण्याची लेखी हमी असेल तरच घ्यावी. ती चोरीच्या गाडीची नाही याची पावती मागावी.

७. पेटी बसवल्यावर रबरी बुशा आणि पाणी अडवणारी रबरे जागेवर आहेत का ते पाहावे. दोष पुसावेत, गाडी थंड आणि गरम दोन्ही स्थितीत चालवून पाहावी, आणि पुन्हा स्कॅनर लावावा. मगच पैसे द्यावेत.

८. बदललेला भाग परत मागावा आणि पक्की पावती घ्यावी. तपासणी न करता फसवणूक झाली असे वाटले, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पण त्यासाठी हातात कागद हवा. तोंडी हिशोब तिथे उभा राहत नाही.

सभासदांचे प्रश्न

'बॅटरी काढून ठेवली तर पेटी सुधरते म्हणतात, खरे का?' — बॅटरी काढल्याने शिकलेल्या काही नोंदी पुसल्या जातात आणि दिवा तात्पुरता विझतो. दोष मात्र तसाच राहतो. गळक्या पाइपाखाली घमेले ठेवण्यासारखे ते आहे.

'धुराचे भाग बंद करून पेटीत बदल करून देतो, ताकद वाढते, असे सांगतात. करावे का?' — करू नये. कंपनीने मंजूर करून घेतलेल्या गाडीत असा फेरफार कायद्याला धरून नाही, वॉरंटी जाते, आणि विम्याच्या वेळी तोंड दाखवायला जागा राहत नाही.

'आमच्या ट्रॅक्टरला पेटीच नाही, मग आम्हाला काय?' — बॅटरी, अर्थ आणि वायरिंग तुमच्याकडेही आहेच. पहिले तीन मुद्दे जसेच्या तसे लागू.

शेवटी

मिस्त्री "ईसीएम गेला" म्हणाला, तर भांडू नये. तीन प्रश्न शांतपणे विचारावेत : वीज आणि अर्थ बल्ब लावून पाहिली का? कोणते क्रमांक आले, ते लिहून द्याल का? आणि पेटी गेली असेल, तर ती कशाने गेली? चांगल्या मिस्त्रीला हे प्रश्न आवडतात, कारण त्याचेही नुकसान टळते. उत्तर मिळाले नाही, तर गाडी दुसरीकडे दाखवावी. एक दिवस गेला तरी चालेल.

वाहन विभागात मीटर आणि बल्ब ठेवलेले आहेत. सभासदांनी ऊस घेऊन येताना, किंवा चिठ्ठीसाठी येताना, गाडीची तक्रार सांगावी. बॅटरी आणि अर्थ पाहून देऊ. त्याचे पैसे नाहीत. पुढील अंकात ट्रॅक्टरच्या बॅटरीची उन्हाळ्यातली निगा या विषयावर लिहू.